अण्णांची जोडघरं

आमच्या येलहंक्याच्या इमारतीत कचरा टाकायला खाली जायचं तर वाटेत तीन देश लागायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे जर्मनीत. दुसरा मजला डेन्मार्क. पहिल्यावर न्यूझीलंड, तिथे जिन्याच्या कठड्याला बोट लागलं तरी बोलणी बसायची. आणि खाली, गेटच्या तोंडाशी, प्लास्टिकची खुर्ची टाकून अण्णा बसलेले असायचे. तो कोणता देश हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

अण्णा म्हणजे वसंतराव अथणीकर. मूळचे अथणीकडचे, पण हयात बंगळुरात गेली, ती एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करण्यात. शांताकाकू कोरोनाच्या आदल्या वर्षी गेल्या. मूलबाळ नाही. तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकटा माणूस आणि एक टीव्ही. त्या टीव्हीवर सकाळपासून जगभरच्या बातम्या चालायच्या आणि कुठल्याही देशानं कुठलाही नियम काढला की दुपारपर्यंत तो आमच्या जिन्यात लागू व्हायचा.

हे अधिकार त्यांना आम्हीच दिले होते. लॉकडाऊन लागल्यावर आमचे सेक्रेटरी मूर्ती यांनी मोबाइलवर मीटिंग घेतली आणि विचारलं, कोरोनाचं काम कोण बघणार? पटापट सगळ्यांचे कॅमेरे बंद झाले. अण्णांना कॅमेरा बंद कसा करतात ते माहीत नव्हतं. ते एकटेच पडद्यावर उरले, तेही अर्धे, कपाळापासून वर. मूर्तींनी त्यांना बिनविरोध निवडून टाकलं.

"सरी, चालेल," अण्णा म्हणाले. "पण मी मनाचं काही करणार नाही. जग काय करतंय बघायचं आणि तसं करायचं."

"जग काय करतंय बघा की" हे त्यानंतर आम्ही इतक्या वेळा ऐकलं, की माझा नवरा नितीन झोपेतसुद्धा ते बेळगावी हेल काढून म्हणायला लागला.

पहिला दणका मास्कचा. कुठल्याशा देशात मेणबत्ती पेटवून मास्क तपासतात असं त्यांनी पाहिलं होतं. मास्क लावून फुंकर मारायची, ज्योत विझली तर मास्क कुचकामी. झालं. दुसऱ्या दिवशी गेटवर स्टूल, स्टुलावर मेणबत्ती, आणि लांब लांब उभे राहिलेले आम्ही सगळे, वाढदिवसाला केकच विसरल्यासारखे. नितीननं मारतहळ्ळीहून मित्राकरवी मागवलेला, पुढे जाळी आणि बाजूला बटण असलेला भारीतला मास्क मोठ्या ऐटीत लावला आणि फुंकर मारली. ज्योत तर विझलीच, वर मेणबत्तीही पडली.

"रिजेक्ट," अण्णा शांतपणे म्हणाले.

मी आईच्या जुन्या सुती साडीचा घरी शिवलेला मास्क लावला होता. ज्योत हललीसुद्धा नाही. "पास," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. माझ्या दुप्पट वयाचा हा माणूस मला अक्का म्हणायचा. "अक्का, आईला सांगा, माल चांगला आहे." मी मूळची पुण्याची, त्यामुळे कुणी चांगलं म्हटलं की मला आधी संशय येतो. पण त्या दिवशी मी नितीनला जेवताना तीनदा ते ऐकवलं.

मग आलं पनामा. तिकडे म्हणे बायकांनी एक दिवस बाहेर पडायचं, पुरुषांनी दुसऱ्या दिवशी. अण्णांना हे फारच पटलं. आमच्या गेटवर येणाऱ्या भाजीच्या गाडीला त्यांनी तो कायदा लावला. बायकांच्या दिवशी सगळं सुरळीत. पुरुषांच्या दिवशी नितीन खाली गेला आणि पालक समजून मेथीची, शेपूची आणि तिसरीच कुठलीतरी अशा एवढाल्या जुड्या घेऊन आला. ती तिसरी भाजी कसली हे मूर्तींच्या बायकोनंही ओळखलं नाही, आणि त्या इथल्या सात पिढ्यांच्या. मी खाली जाऊन अण्णांना म्हटलं, "अण्णा, पनामा रद्द करा, नाहीतर मी माहेरी जाते."

"कशी जाणार, अक्का? सरहद्दी बंद आहेत की," अण्णा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पनामा उठलं.

हसायचो आम्ही. जिन्यात नकला करायचो. पण एक सांगते, त्या दिवसांत ऑफिसच्या कॉलवर सगळे घाबरलेले असायचे, रस्ते ओस, ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की ती कुठे थांबते ते बघायला सगळे खिडक्यांशी. आणि खाली एक माणूस ठामपणे सांगत असायचा की आज आपण जर्मनी आहोत. बरं वाटायचं. उगाच कशाला खोटं बोलू?

हळूहळू लॉकडाऊन सैल व्हायला लागलं. दुकानं उघडली, बस धावायला लागल्या. आता अण्णांपुढे मोठा प्रश्न आला, इमारत उघडायची कशी? कारण माणसं एकमेकांना कंटाळली होती आणि एकमेकांवाचून कंटाळलीही होती. मुलं भिंतीला डोकं लावून बसलेली, म्हातारी माणसं आतल्या आत कुढणारी. अण्णांनी दोन दिवस टीव्हीसमोर बैठक मारली आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं. काही देशांत एका घरानं दुसऱ्या एकाच घराशी जोडून घ्यायचं अशी पद्धत आहे. त्या दोन घरांनी एकमेकांकडे बसावं, जेवावं, खेळावं. बाकीच्यांना दारातूनच नमस्कार. याला त्यांनी नाव दिलं जोडघर.

आणि मग आमच्या इमारतीत जो लग्नसराईचा मोसम सुरू झाला तो विचारूच नका.

कारण कुणी कुणाला जोडायचं? सरळ जाऊन विचारायचं तर भीड, आणि नकार द्यायचा तर आयुष्यभराचं वैर. साहजिकच मध्यस्थ लागला. अण्णा मास्क लावून, छत्रीएवढं अंतर राखून दारोदार स्थळं घेऊन फिरायला लागले. छत्री खरंच हातात असायची, समोर आडवी धरलेली.

"वरच्या मजल्यावरचं स्थळ आहे," ते आमच्या दाराबाहेरून सांगायचे. "माणसं सोज्वळ. धुणीभांडी घरीच. नवरा बाहेर पडत नाही."

"आणि सारखी पार्सलं मागवतात ते, अण्णा?"

"ते आहे स्वल्प. पण पेटी दिवसभर गॅलरीत तापवून मगच उघडतात. मी बघितलंय की."

एका घरानं आमच्याबद्दल चौकशी केली आणि नकार कळवला. कारण काय, तर नितीन फार शिंकतो. नितीन लहानपणापासून फोडणीला शिंकतो, त्याला कोण काय करणार? मला इतका अपमान वाटला की मी त्या बाईंशी आजही जरा तुटकच बोलते. शेवटी अण्णांनी आमची मूर्तींशी गाठ घालून दिली. बघण्याचा कार्यक्रमसुद्धा झाला, जिन्यात, आम्ही वरच्या पायरीवर, ते खालच्या. मूर्तींच्या बायकोनं बिसीबेळेभात करते म्हणून सांगितलं, मी पुरणपोळी येते म्हणून ठोकून दिलं, आणि जमलं.

पण इमारतीत घरं सोळा, त्यातल्या एकाला कुलूप, ती माणसं मंगळूरकडे अडकलेली. म्हणजे पंधरा. जोड्या लावल्या की एक घर उरणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसत होतं. जो उरेल त्याच्या दारात कुणी पाऊल टाकणार नाही, आणि हे किती महिने चालेल ते कुणाला माहीत नाही. म्हणून तर एवढी घाई चालली होती. शेवटचं लग्न लागलं त्या संध्याकाळी मूर्तींनी जिन्यातून विचारलंच, "अण्णा, तुमचं काय?"

"मी स्वित्झर्लंड," अण्णा खुर्चीवरून म्हणाले. "तटस्थ. नियम करणाऱ्यानं कुठल्या एका बाजूला जाऊन कसं चालेल?"

सगळे हसले. मीसुद्धा. उत्तर होतंच तसं, अण्णांना शोभणारं.

त्यानंतर इमारतीचा नूर पालटला. बंद दारांमागून पत्त्यांचे आवाज यायला लागले, मुलांची भांडणं, दोन दोन घरांच्या कुकरच्या शिट्ट्या. आम्ही तर मूर्तींकडे इतकं जेवलो की नितीनचं शिंकणंही कानडीत व्हायला लागलं असं मी म्हणायचे. अण्णांना आम्ही विसरलो नव्हतो हं. त्यांना रोज पाळीपाळीनं डबा जायचा. दाराशी स्टुलावर ठेवायचा, बेल वाजवायची आणि लांब व्हायचं. संध्याकाळी डबा घासूनपुसून परत, आणि रिकामा कधीच नाही. कधी कढीपत्त्याची डहाळी, कधी चार बत्तासे. आम्हाला वाटायचं, चला, माणसाची सोय झाली.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. अण्णांची खुर्ची गेटाजवळून सरकत सरकत जिन्याखाली आली होती. मी विचारलं तर म्हणाले, "ऊन लागतंय." तिथे ऊन कधीच नव्हतं. जिन्याखाली बसलं की वरच्या घरांतलं बोलणं ऐकू येतं, हे मला पुढे एकदा लाइट गेल्यावर तिथे उभी राहिले तेव्हा कळलं. मूर्तींकडे चाललेल्या गप्पा शब्द न् शब्द ऐकू येत होत्या.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या कॉलवर आमची लंडनची सहकारी सांगत होती, की तिची आई आता रोज तिच्याकडे जेवायला येते. मी म्हटलं, चालतं का तुमच्याकडे? ती म्हणाली, चालतं की. जो माणूस एकटा राहतो, त्याला एखाद्या घरानं आपल्यात घ्यावं, असा नियमच आहे.

मी कॉल तसाच ठेवून खाली गेले. अण्णा जिन्याखाली बसले होते.

"अण्णा, एकट्या माणसाला एखादं घर आपल्यात घेऊ शकतं, असा नियम आहे म्हणे तिकडे."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आहे की."

"तुम्हाला माहीत होता?"

"न्यूझीलंडमध्येही सोय आहे तशी. पहिल्यापासून."

"मग आम्हाला कसा नाही सांगितलात?" माझा आवाज चढला होता. मला खरंच राग आला होता. जगभरचा कचरा नियम म्हणून आमच्या गळ्यात मारला आणि कामाचा तेवढा लपवून ठेवला.

अण्णांनी नजर गेटाकडे वळवली. मग हळू म्हणाले, "अक्का, या इमारतीत एकटा राहणारा कोण आहे? मीच. मीच नियम आणायचा आणि मीच त्याच्यात बसायचं? कारखान्यात आपल्या हातानं केलेला माल आपण पास करत नाही. दुसऱ्यानं बघावा लागतो."

"आणि दुसऱ्यानं बघितलाच नसता तर?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, एवढंच. मला रडू आलं. मास्कमुळे दिसलं नसावं.

मी वर जाऊन मूर्तींच्या बायकोला सांगितलं. त्यांनी पदर खोचला आणि एवढंच विचारलं, "आज की उद्या?"

रविवारी दुपारी अण्णा आमच्याकडे जेवायला आले. धोतर, परीटघडीचा सदरा, हातात छत्री. दारात थबकले. छत्री कोपऱ्यात ठेवा म्हटलं तर पटकन ठेवेनात. मग नितीननंच ती हातातून घेतली. आम्ही चौघं आणि अण्णा, असे पाटावर बसलो. अण्णा सुरुवातीला पाहुण्यासारखे अंग चोरून, खाली मान घालून जेवत होते. शेजारी मूर्ती बसले होते, त्यांचा कोपर लागला की अण्णा दचकून बाजूला सरकत होते.

आम्हा पुणेकरांवर आरोप आहे की आम्हाला आग्रह करता येत नाही. असेलही. पण मी पोळी घेऊन उठले. अण्णांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि म्हणाले, "पुरे, पुरे, अक्का, पुरे."

मी म्हटलं, "अण्णा, अर्धी तरी."

ते हात तसेच धरून थांबले.

"शांता गेल्यापासून कुणाला 'पुरे' म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "डब्याला 'पुरे' म्हणता येत नाही की."

अण्णांनी हात बाजूला घेतले, ताट माझ्याकडे पुढं सरकवलं, आणि पुन्हा म्हणाले, "पुरे."

मी अख्खी पोळी वाढली.