पहिल्या घासाची गोळी

आमच्या घरी पहिला घास तोंडात जायच्या आत दाराची कडी वाजते. माझी बायको सुनीता वर न बघताच म्हणते, "आले एन्झाईम." दारात नाना उभे असतात. डोक्यावर टोपी, खिशात बाटली.

नाना आमचे शेजारी. मूळचे हिर्डोशीचे, सरकारी नोकरी संपवून भोरला राहिलेले. त्यांचा पुण्याचा मुलगा पचनाच्या एन्झाईमच्या गोळ्या धाडतो आणि नाना त्या अख्ख्या आळीला खाऊ घालतात. बाटली मात्र कुणाच्या हातात द्यायची नाही. माणशी एकच गोळी, तीही स्वतः द्यायची आणि पहिल्या घासाबरोबरच.

"आधी घ्याल तर वाया, मागनं घ्याल तर उशीर. घास नि गोळी जोडीनं गेली पायजे, मास्तर."

मग समोर बसून ते चौकशी सुरू करतात. "उतरतंय का? हलकं वाटतंय का?" माझा अजून तोच घास चावून व्हायचा असतो. सुनीता त्यांना वाढायला गेली, की "नगं नगं, चवीपुरती अर्धी," म्हणत दोन भाकऱ्या संपवतात.

नसरापूरला माझ्या पुतणीचं लग्न होतं. नवरानवरी एकमेकांना घास भरवत होती, फोटोवाला वाकला होता, तेवढ्यात नाना गर्दीतून ओरडले, "थांबा! घासाबरोबर ही घ्या." बिचाऱ्या नवरदेवानं घेतली. आता अल्बममध्ये घास भरवायच्या प्रत्येक फोटोत एक तिसरा हात आहे.

आमच्या डॉक्टरांनी त्यांना एकदा समजावलं. "नाना, पोट पचनाचे रस आपले आपण तयार करतं. धडधाकट माणसाला वरून गोळी कशाला? ज्याला खरंच गरज आहे त्याला आम्ही देतो."

बाहेर आल्यावर नाना मला म्हणाले, "डाक्टर तरणा हाय. त्याला दगूड बी पचंल."

मी माणूस तसा शांत, पण रोज कुणी आपलं जेवण निरखत बसलं की मलाही राग येतो. शेवटी मी शक्कल लढवली. मेडिकलमधून तीच साठ गोळ्यांची बाटली आणली आणि कडी वाजताच पुढं केली. "नाना, आता तुम्हाला रोजची खेप नको."

नानांनी बाटली हातभर लांब धरून वाचली. "हीच हाय. झ्याक काम केलं," म्हणाले, आणि न बसताच गेले.

चार दिवस कडी वाजली नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सुनीता मात्र रोज उरलेल्या दोन भाकऱ्यांकडं बघायची. पाचव्या दुपारी तिनं वालाच्या बिरड्याची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जा. तूच घालवलंस त्यांना."

नानांचं दार उघडंच होतं. समोर भात वाढलेलं ताट. भात गार होऊन वर कोरडा पडला होता. शेजारी गोळ्यांची बाटली. नाना नुसते बसले होते.

"घ्या की गोळी, नाना. पहिल्या घासाबरोबर."

"गोळीनं काय व्हतंय, मास्तर?" ते ताटाकडं बघतच बोलले. "आमची ही गेल्यापासनं एकट्याला घास उतरत न्हाई. फोनवर म्या पोराला तेवढंच म्हणलं. त्यो बिचारा लई गुणाचा. दुसऱ्याच दिशी गोळ्या धाडल्या. आता त्याला कसं सांगू, पोट बरं हाय म्हणून?"

मला माझी लाज वाटली.

"नाना," मी म्हणालो, "माझी बाटली संपली."

साठ गोळ्या, पाच दिवसांत. नानांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"लई खाता बाबा तुमी," ते म्हणाले. मग टोपी घातली, बाटली खिशात टाकली, आणि आपलं वाढलेलं ताट दोन्ही हातांत धरून माझ्याआधी आमच्या घराकडं निघाले.