देवाजीभाऊंची गुबगुबीत झाडं

देवाजीभाऊ खोब्रागडे रोज सकाळी दाढीच्या ब्रशनं झाडं झाडतात. स्वतःची दाढी मात्र आठवड्यातून एकदाच. आमच्या माजरीत, या खाणीच्या गावात, कोळशाची धूळ सगळ्यांच्याच घरावर बसते. आम्ही ती नशिबात आहे म्हणून सोडून देतो, भाऊ सोडत नाहीत. "पानावर धूळ म्हंजे उजेडाले आडकाठी," असं पुटपुटत ते शंभरेक कुंड्यांतलं पान न् पान झटकून काढतात.

भाऊ खाणीतून निवृत्त झालेले, मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. जन्म जमिनीखाली काढलेल्या माणसाला उन्हाचं वेड लागलं, यात नवल नाही. त्यांची झाडं सगळी जाड, रसाळ पानांची. पोरं त्यांना सक्युलेंट म्हणतात. ही झाडं भाऊ वसाहतभर वाटतात आणि पुढं झाडाचा आकार पाहून त्या घराचा पंचनामा करतात. पानं फुगून गळायला लागली, की "पाण्याचे लाड करून राह्यले!" कडा लालबुंद दिसल्या, की "इथी ऊन बरोबर आहे."

मला त्यांनी गुलाबासारखं घट्ट पाकळ्यांचं एक रोप दिलं. मी ते कौतुकानं टीव्हीशेजारी ठेवलं. दोन महिन्यांत ते वीतभर वाढलं. मी छाती फुगवून त्यांना दाखवायला नेलं.

भाऊंनी कपाळावर हात मारला. "काय केलं गुरुजी! हे वाढलं नाई, उजेडासाठी मान ताणून राह्यलं. उन्हात असतं तं मुठीएवढं गच्च राह्यलं असतं. आता हे आखूड होत नाई. मुंडी कापा अन् नव्यानं लावा."

एवढी बोलणी मी शिक्षणाधिकाऱ्यांचीही खाल्ली नव्हती.

गेल्या रविवारी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. भाऊ व्हिडिओ कॉलवर प्रज्ञाशी बोलत होते. प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई वारली, आणि दोन वर्षांपासून प्रज्ञा पुण्यात नोकरीला आहे. "मजेत आहे बाबा. खोली मोठी आहे, भरपूर उजेड येतो," ती सांगत होती. भाऊ खुशीत म्हणाले, "मी तुले देल्लं ते झाड दाखव ना मंग."

तिनं जरा टाळाटाळ केली, मग फोन वळवला. पांढुरका लांब देठ, त्यावर दूरदूर चार पानं, सगळं झाड एका अंगाला कललेलं. त्या खोलीत उजेड नाही, हे मीसुद्धा ओळखलं. आता ही बोलणी खाणार, असं मला वाटलं. पण भाऊ रागावले नाहीत. "छान आहे," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन माझ्या दारात उभे, पुण्याला निघालेले. कुंड्या चक्क माझ्या हवाली केल्या.

"भाऊ, एकदम पुण्याले?"

"खोली पाह्यतो तिची. दुसरी भेटली तं ठीक, नाईतं घेऊन येतो पोरीले." ते पायरीवर टेकले. "दर इतवारी बोललो गुरुजी तिच्यासंग. ती मजेत आहे म्हणे अन् मी मानून घेऊ. मले समजलं ते झाडावरून. बापाले आवाजावरून समजाले पायजे होतं ना?"

मी त्यांची पिशवी उचलली आणि स्टेशनापर्यंत सोबत गेलो.