अक्कलदाढ आणि उंटाचा शह

डॉक्टरांचं तोंड पुन्हा पाहणार नाही, असं मास्तरांनी घरात जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात त्यांची अक्कलदाढ ठणकायला लागली. सुरुवातीला त्यांनी लवंग धरली, मग मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. शेवटी उजवा गाल असा सुजला की आरशात त्यांना कुणीतरी दुसराच गृहस्थ दिसायला लागला.

"दुसऱ्या कुठल्या तरी डॉक्टरांकडे जाऊ," ते गाल धरून म्हणाले.

"दुसरे कुठले? ते पुलापलीकडचे?" बायको म्हणाली. "त्यांनी माझ्या बहिणीचा दात काढला तेव्हा तिला खुर्चीत धरून ठेवायला दोन माणसं लागली होती. उठा आता. आणि तुम्हाला कुठे आपल्या डॉक्टरांचं तोंड पाहायचंय? त्यांनी तुमचं पाहायचंय."

भांडणाचं कारण बुद्धिबळ होतं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले आणि डॉक्टर दातांचे. दोघंही दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या बुद्धिबळ क्लबाचे जुने सभासद. क्लबाचा एक ग्रुप होता आणि त्याचा नियम असा की, आपण खेळलेला डाव ग्रुपवर टाकायचा, कुठे चुकलं ते प्रामाणिकपणे लिहायचं आणि मग बाकीच्यांनी त्यावर मतं द्यायची. प्रामाणिकपणाबद्दल सगळेच आग्रही होते, विशेषतः दुसऱ्याच्या.

मास्तर डॉक्टरांविरुद्ध आजवर एकदाही जिंकले नव्हते. बरोबरी झाली तरी ते घरी येताना गोड काहीतरी आणायचे. आणि गेल्या रविवारी ते चक्क जिंकले. वजीर राजाशेजारी ठेवून "शह आणि मात" म्हणताना त्यांचा आवाज चिरकला होता. डॉक्टरांनी पटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, हात मिळवला आणि ते निघून गेले. मास्तर लांबच्या रस्त्याने घरी आले, म्हणजे वाटेत जास्त लोक भेटतील.

संध्याकाळी ग्रुपवर डॉक्टरांचा लेख आला. मथळा होता, 'जिंकलेला डाव मी कसा घालवला'. त्यात त्यांनी डाव अर्ध्यापर्यंतच दिला होता. 'या ठिकाणी मी घोड्याने प्यादं मारलं असतं तर मास्तरांना डाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुर्दैवाने त्याच क्षणी एका पेशंटचा फोन आला आणि माझं लक्ष उडालं. यापुढच्या खेळी देण्यात काही अर्थ नाही.'

खाली सांत्वनाची रीघ लागली. 'फार वाईट वाटलं, डॉक्टर.' 'डाव तुमचाच होता.' एकाने तर डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. मास्तरांचं अभिनंदन कुणीच केलं नाही. 'मी जिंकलो' या त्यांच्या दोन शब्दांच्या निरोपाला एकच अंगठा मिळाला, तोही त्यांनी स्वतःच दिलेला.

मास्तर पेटले. घरी पट मांडून ते त्या घोड्याच्या मागे लागले आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ करता करता त्यांना उत्तर सापडलं. घोड्याने प्यादं मारलं असतं तर मास्तरांच्या उंटाने शह दिला असता. राजा बाजूला झाला की मागचा वजीर उघडा! म्हणजे डॉक्टर जिंकत वगैरे काही नव्हते. तसेच टॉवेल गुंडाळून ते ग्रुपवर लिहायला बसले, पण रागाच्या भरात उंटाच्या जागी दर वेळी भलतंच काहीतरी उमटायचं. हे तोंडानेच सांगायला हवं, असं त्यांनी ठरवलं. आणि मग तोंडानेच दगा दिला.

दवाखान्यात डॉक्टर असे वागले की जणू काही झालंच नव्हतं. "या या, मास्तर! आ करा. मोठा आ. अरे बापरे! ही काढावीच लागेल."

मास्तरांनी ठरवलं होतं की खुर्चीत बसायच्या आधी उंटाचा विषय काढायचा. पण बायकोने मागून ढकललं, सिस्टरने पुढून बसवलं आणि ते काही बोलायच्या आत भुलीचं इंजेक्शन टोचून झालं होतं. बायकोला बाहेरच्या बाकावर बसायला सांगण्यात आलं. सिस्टरने लाळ ओढायची नळी ओठाच्या कोपऱ्यात अडकवली. वरचा दिवा डोळ्यांवर आला.

"आता भूल चढेपर्यंत जरा थांबू," डॉक्टर स्टूल ओढून बसले. "बरं झालं भेटलात. परवाचा आपला डाव. वाचलंत ना मी काय लिहिलंय?"

"आं," मास्तर म्हणाले.

"पटलं ना?"

"आं आं!"

"मला खात्री होतीच. तुम्ही खिलाडू वृत्तीचे आहात. इतका सरळ विजय होता, पण या पेशंट लोकांचे फोन!" डॉक्टरांनी दाढा तपासायचा छोटा आरसा उचलला आणि मास्तरांच्या खालच्या दातांवर टकटक केलं. "हे बघा. ही समजा तुमची प्यादी. हा सुळा म्हणजे तुमचा राजा. आणि इथून, वरच्या दातांतून, माझा घोडा असा येतो. टक! गेलं प्यादं. आता तुम्ही काय कराल?"

काय करणार ते मास्तरांना चांगलं माहीत होतं. ते जिवाच्या आकांताने म्हणाले, "उं! उं!"

"दुखतंय अजून?" डॉक्टर सावध झाले. "सिस्टर, थोडी भूल आणखी द्या."

दुसऱ्या इंजेक्शननंतर मास्तरांची जीभ, अर्धी हनुवटी आणि नाकाची एक बाजू जागेवर आहे की नाही तेच कळेनासं झालं. पण डोकं लख्ख चालू होतं, आणि त्या डोक्यात उंट उभा होता. त्यांनी हातांनी सांगायचा प्रयत्न केला. डावा हात लांब मानेसारखा वर केला, उजव्या हाताने हवेत एक वशिंड काढलं. डॉक्टर तेव्हा पाठ करून एक्सरे पाहत होते. पाहिलं ते सिस्टरने.

"काका, हात खाली ठेवा," ती म्हणाली. "घाबरू नका."

मास्तरांनी वशिंड आणखी ठळक काढलं.

"डॉक्टर, काका पोट फुगल्याचं सांगताहेत बहुतेक."

"गॅस असेल. उपाशीपोटी होतो," डॉक्टर वळले. "तर मास्तर, मुद्दा असा की घोडा तिथे बसल्यावर तुमच्या सगळ्या वाटा बंद. डावीकडे जाल तर हत्ती." त्यांचा चिमटा तोंडात शिरला. "उजवीकडे जाल तर वजीर." चिमटा वळला. "आणि गप्प बसाल तर..." त्यांनी मनगटाला असा काही हिसका दिला की खुर्ची करकरली. "तर हे असं!"

मास्तर मनातल्या मनात उंटाचा तिरका रस्ता चौथ्यांदा तपासत होते. डॉक्टरांनी चिमटा दिव्यासमोर धरला तेव्हा त्यात धरलेली वस्तू आपली दाढ आहे, हे त्यांना जरा उशिराच कळलं.

"झालं सुद्धा! कळलं तरी का?" डॉक्टरांनी कापसाचा बोळा खड्ड्यावर ठेवला. "घट्ट चावून धरा. अर्धा तास बोलायचं नाही."

अर्धा तास! मास्तरांनी डॉक्टरांची बाही धरली आणि दुसऱ्या हाताने लिहायची खूण केली. सिस्टरने पेन आणि औषधं लिहायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला आणि डॉक्टर हात धुवायला आत गेले.

आता दुसऱ्या कुणीही 'उंट' असं लिहिलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. पण मास्तरांनी जन्मभर फळ्यावर चित्रं काढली होती. हातात पेन आलं की ते आधी रेष ओढायचे, अक्षरांचा विचार मागाहून. त्यांनी झरझर एक उंट काढला, मान, वशिंड, खालचा लोंबता ओठ, सगळं. त्याच्यासमोर घाबरून उधळलेला एक घोडा काढला. मागे मुकुट घातलेला राजा, त्याच्या मागे तोंडावर हात धरलेला वजीर. मध्ये एक लांबलचक बाण. वजिराच्या मिशांना पीळ भरायचं तेवढं राहिलं होतं, पण सिस्टरने चिठ्ठी ओढली, पाहिली, मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती तडक बाहेर गेली.

"काकू, यांना आधी कधी भूल दिली होती का?"

"नाही. का हो?"

"काही नाही. कुणाकुणाच्या डोक्यात जाते." तिने चिठ्ठी पुढे केली. "त्यांना हे प्राणी दिसताहेत."

बायकोने चिठ्ठी पाहिली. शेजारी गाल बांधून बसलेल्या गृहस्थांनी वाकून पाहिली आणि आपली पिशवी हळूच उचलून ते दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले. बायको आत धावली. मास्तर खुर्चीत ताठ बसले होते, डोळे तारवटलेले, ओठाचा एक कोपरा खाली गेलेला.

"अहो, मला ओळखलंत का? मी कोण?"

मास्तरांना या प्रश्नाचा राग आला. त्यांनी मान झटकली.

"देवा! ओळखत नाहीत!"

त्यांनी घाईघाईने मान होकारार्थी हलवली.

"आता हो म्हणताहेत! क्षणात एक, क्षणात एक!" बायकोने खुर्चीचा दांडा धरला. "डॉक्टर! अहो डॉक्टर, लवकर या! यांना उंट दिसताहेत!"

डॉक्टर ओल्या हातांनीच बाहेर आले. त्यांनी चिठ्ठी घेतली, दिव्याखाली धरली. आधी ते हसले. मग त्यांचं हसू कमी कमी होत गेलं. त्यांचं बोट बाणावरून हळूहळू सरकलं, राजापाशी थांबलं, मागच्या वजिरापाशी गेलं.

"उंट!" ते एकदम ओरडले. "अरे देवा, उंट!"

"यांना पण दिसला!" बायको सिस्टरला म्हणाली.

"उंटाचा शह! माझा वजीर गेला की हो!"

मास्तरांनी दोन्ही हात वर केले. तोंडात बोळा आणि ओठ लुळे होते, तरी आनंद झालेला कळत होता. सगळा प्रकार बुद्धिबळाचा आहे हे बायकोला कळलं तेव्हा ती आधी खाली बसली आणि मग घरी गेल्यावर बघते, अशा नजरेने नवऱ्याकडे पाहायला लागली.

पण डॉक्टर माणूस सच्चा. त्यांनी तिथल्या तिथे फोन काढला आणि ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला. "मित्रहो, मी परवा लिहिलं ते चूक होतं. मी जिंकत नव्हतो. मास्तरांनी फार खोल पाहिलं होतं. त्यांचा विजय निर्विवाद आहे."

फोन टिंग टिंग वाजायला लागला. 'मास्तर, जबरदस्त!' 'मला तेव्हाच वाटलं होतं.' डोळ्यांत पाणी आणणाऱ्याने आता टाळ्या टाकल्या. डॉक्टर एकेक वाचून दाखवत होते आणि मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"आता एक करू," डॉक्टर उत्साहाने म्हणाले. त्यांनी कपाटातून पट आणला आणि औजारांचा ट्रे बाजूला सारून मांडला. "तुमचा शेवट मी ग्रुपवर देतो. परवा मी नीट पाहिलाच नाही. कौतुक करायचं तर मनापासून करू. लावा बरं, मात झाली तेव्हा काय होतं?"

मास्तरांनी सोंगट्या लावल्या. काळा राजा कोपऱ्याजवळ. त्याला खेटून आपला पांढरा वजीर, घोड्याच्या आधाराने. डॉक्टरांचा हत्ती इथे, प्यादी इथे. आणि डॉक्टरांचा काळा उंट पार पटाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तो डावभर विसरल्यासारखा पडून होता. मास्तरांनी त्याला त्याच्या घरात ठेवलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

त्या उंटापासून पांढऱ्या वजिरापर्यंतची तिरकी रेघ पूर्ण मोकळी होती. मध्ये एक प्यादंसुद्धा नव्हतं. काळ्या उंटाने वजीर खाल्ला असता. मात नव्हतीच. डाव संपलाच नव्हता, आणि वजीर गेल्यावर पुढे काय झालं असतं हे सांगायला क्लबातला अगदी नवा सभासदसुद्धा पुरला असता.

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हळूच डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टर पटाकडे पाहत होते. त्यांचा हात नकळत काळ्या उंटाकडे गेला, त्याच्या टोकावर दोन बोटं टेकली आणि थांबली. त्यांनी फोनकडे पाहिलं. तो अजून वाजतच होता. खोल पाहणाऱ्या मास्तरांकडून हरणं वेगळं. मात झालेलीच नसताना हात मिळवून घरी जाणं वेगळं. हे दुसरं एकदा ग्रुपवर गेलं असतं, तर आयुष्यभर जो तो त्यांना दात दाखवायला आला असता, पण हसून.

त्यांनी बोटं उचलली.

"वा!" डॉक्टर घसा साफ करत म्हणाले. "सुंदर. फारच सुंदर." आणि दोन्ही तळव्यांनी त्यांनी सगळ्या सोंगट्या एका झटक्यात डब्यात लोटल्या. "ग्रुपवर काय द्यायचं एवढं! ज्याला समजायचं त्याला समजलं."

सिस्टर आत आली. "काका, अर्धा तास झाला. काढा बोळा, आता बोलू शकता."

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली आणि बोळा आणखी घट्ट चावला.

"राहू द्या, सिस्टर," डॉक्टर घाईने म्हणाले. "राहू द्या अजून."

"म्हणजे यांनी बोलायचं तरी कधी?" बायकोने विचारलं. "आठवडाभर त्या डावाबद्दल बोलून बोलून डोकं खाल्लंय माझं."

"जेवणखाण संध्याकाळपासून चालेल," डॉक्टर नवे हातमोजे चढवत म्हणाले. "डावाबद्दल मात्र जितकं कमी बोलतील तितकं दोघांच्या तब्येतीला चांगलं."

"दोघांच्या?" बायको म्हणाली. "दुसरं कोण?"

पण डॉक्टर तोवर दारापर्यंत पोचले होते आणि गाल बांधलेल्या गृहस्थांना आत या, आत या म्हणून प्रेमाने बोलावत होते.