पसंतीआधीचे पोहे

"प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी काही सूचना," मृणाली मोबाइलवरचा मेसेज वाचत होती आणि ओटीवर बसलेलं सगळं घर कान टवकारून ऐकत होतं. "कॉलेज भेटीला येताना मोकळेपणाने प्रश्न विचारा. होस्टेल, स्वयंपाकघर, पाण्याची सोय स्वतः पाहा. आधीपासून शिकत असलेल्या मुलींशी बोला. घाईने मत बनवू नका."

तिच्या बापाला, काळुरामला, यातलं निम्मं कळलं, आणि उरलेलं निम्मं ऐकताना कळलेलंही डोक्यातून निसटलं. त्याच्या थोरल्या भावाचा, हिरामणचा चेहरा मात्र उजळला.

"अरे, ह्ये त घर बघायला जायाचं," तो म्हणाला. "ह्यात वाचून काय दाखवायचं? जनमभर त्येच केलंय."

खरंच होतं ते. भावकीतल्या एकूण एक मुलीचं सासर हिरामणने पारखलं होतं. मृणालीला रोह्याजवळ, वरसे गावाच्या पुढच्या एका कॉलेजात केमिकलच्या डिप्लोमाला जागा मिळाली होती. गावाजवळच्या कासू स्टेशनच्या गाडीच्या वेळा जुळत नव्हत्या, म्हणजे होस्टेल आलं. पोरगी परक्या दारी राहायला जाणार म्हटल्यावर हिरामणच्या शब्दावाचून पान हलणार नव्हतं. पोरीने शिकावं असं काळुरामला अगदी आतड्यापासून वाटत होतं, पण दादूससमोर आपलं वाटणं बोलून दाखवायची जीभ देवाने त्याला दिलीच नव्हती.

"एकच ध्यानात ठेवा," हिरामणने बजावलं. "आपला होकार जाईस्तवर त्यांच्या घरचं काय खायाचं नाय. एकदा मीठ खाल्लं का मंग नाय बोलायला तोंड ऱ्हात नाय."

पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेल्या त्या घरात मिठाची गोष्ट कोणी हसण्यावारी नेत नसे. काळुरामची बायको पुतळी हिने मुकाट्याने मान हलवली.

कॉलेजात पोचल्या पोचल्या मुलांना वेगळं काढून प्रयोगशाळा दाखवायला नेलं आणि हिरामणसकट सगळ्या पालकांना हॉलमध्ये बसवलं. तिथे पोह्यांच्या बशा फिरल्या. सकाळपासून उपाशी असलेल्या काळुरामने बशी घेतली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला.

शेजारी पालक म्हणून आलेल्या पेणच्या एक शिक्षिका होत्या, वृंदा मॅडम. त्यांचा चमचा तोंडाशी थबकला.

"तुम्ही घेत नाही?"

"नाय. भाऊ नको बोलतो."

"का हो?"

एवढी मोठी रीत या बाईंना कुठून सांगायला घ्यावी ते काळुरामला कळेना. "तो बोलतो, आधी सैपाकघर बघू. मंग ठरवू."

वृंदा मॅडमनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी मागच्या गृहस्थांच्या कानात काहीतरी सांगितलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगताना वर म्हटलं, "जवळपासची माणसं आहेत ती, त्यांना माहीत असणार." कानगोष्ट शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत गेल्या वर्षी होस्टेलमधल्या मुली आजारी पडल्या होत्या आणि प्रकरण दाबलं गेलं होतं. बघता बघता सगळ्या बशा खुर्च्यांखाली गेल्या.

आसावरी मॅडम नावाच्या एक तरुण प्राध्यापिका धावत आल्या. "काका, काही चुकलं का? निदान चहा तरी घ्या."

"आजून आमचं ठरलं नाय," हिरामण म्हणाला.

"चहाचं काय ठरवायचंय?"

"च्याच्या संगट बिस्कीट हाय. त्यात मीठ असतंय."

काकांना रक्तदाबाचा त्रास असावा, असं समजून आसावरी मॅडम बिनमिठाची बिस्किटं शोधायला गेल्या. ते पाहून हॉलची खात्रीच पटली की मिठातच काहीतरी आहे. शेवटी खुद्द प्राचार्य आले आणि हात जोडून म्हणाले, "चला, स्वयंपाकघर दाखवतो."

हिरामण निघाला. त्याच्यामागे काळुराम, पुतळी आणि मग सगळा हॉल. हिरामणने पिंपात डोकावून पाणी पाहिलं, तांदूळ चोळून पाहिले आणि मग मुद्द्याला हात घातला.

"आतापत्तर किती पोरी आल्या तुमच्याकडं? कोण माघारी गेली का?"

"एक-दोन गेल्या असतील," प्राचार्य घाम पुसत म्हणाले. "घरच्या अडचणीमुळे."

"सगळे असंच बोलतात. बरं, घरात शब्द कोणाचा चालतो? तुमचा?"

"तसा... संस्थेच्या अध्यक्षांचा."

"मंग त्यांना का नाय बसवलं बैठकीला?"

प्राचार्यांनी पुन्हा रुमाल काढला. काळुरामला वाटलं, या माणसाला कुठेतरी सावलीत बसवून पाणी द्यावं, पण पाणी त्यांचंच होतं.

हिरामणने छतावरूनही एकदा नजर फिरवली. मग तो हळूच भावाकडे वळला.

"काळ्या, घर वाईट नाय. पण पोर एकटी ऱ्हानार, रातीबेरातीला तिचं कोण हाय इथं? माजा जीव नाय धजत. चला. मीठ खाल्लेलं नाय, मोकळे हाव आपून."

पुतळीने पदर तोंडाला लावला. काळुरामने मागे वळून गर्दीत पाहिलं.

"मृणाली कुठं हाय?" त्याने विचारलं.

मृणाली स्वयंपाकघराच्या दुसऱ्या दारापाशी बसली होती. प्रयोगशाळा बघून भूक लागली म्हणून मुली तिकडून आत आल्या होत्या. तिच्या हातातली बशी जवळजवळ रिकामी होती.

"मोठे बाबा, पोहे बरे हायत," ती शांतपणे म्हणाली. "मीठ कमी व्हतं. मी वरून मागून घेतलं."

काळुराम आणि पुतळीची नजर बशीवरून हिरामणकडे वळली. बशीत एवढं काय आहे, ते प्राचार्यांना समजत नव्हतं.

"पोर हाय," हिरामण म्हणाला. "पोरांचं खाल्लेलं धरत नायत. मोठ्या मानसानं खाल्लं तर खरं."

काळुरामने मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती. त्याने पुढे होऊन ओट्यावरच्या परातीत हात घातला, मूठभर पोहे उचलले आणि तोंडात कोंबले. गाल फुगले, तरी तो चावत राहिला.

"काळ्या," हिरामण म्हणाला. "मला इचारलं का नाय?"

"इचारलं असतं तर तू नको बोलला असता, दादूस."

आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्याचं इतकं लांब वाक्य ऐकून हिरामण भांबावला. त्याने परातीकडे पाहिलं, पुतळीकडे पाहिलं आणि मग बाकावर बसकण मारली.

"मंग आता मला एकट्याला काय उपाशी ठेवता?" तो म्हणाला. "आण गो पुतळे, एक बशी भरून."

हिरामणने पहिला घास गिळला तसं मागे उभ्या असलेल्या वृंदा मॅडमनी आपली बशी कुठे ठेवली होती ते आठवायला सुरुवात केली.