ईनबाईच्या डेलियाचे कंद

कोणाची जिनस माह्याकडे ठेवली अन् ती बिघडली, असं आमच्या शिरपुरात कोणी सांगून दाखवावं! बावीस वर्षं झाली, घरचं हळदीचं बेणं मीच राखून राह्यली. निंबाच्या सावलीत ढीग, वर हळदीचा पाला, पाल्यावर मातीचा लेप. एक कांडी सडत नाई!

याच तोऱ्यात मी चैत्रातल्या हळदीकुंकवाले बोलून गेली, तेही वाशिमले पोरीच्या सासरी, पंधरा बायांसमोर. वैभवीची सासू ललिताबाई, म्हणजे आमची ईनबाई. हिवाळ्यात तिच्या अंगणात ताटाएवढे डेलिये फुलतात. फुलं सरली का कंद खणा लागते अन् पाऊस जाईपर्यंत जपा लागते, तेच रडगाणं ती गाऊन राह्यली होती.

मी म्हणलं, "माह्याकडे द्या की! हळद जपणारीले डेलिया काय जड हाये?"

ईनबाईचं तोंड एवढुसं झालं. पण पंधरा बायांसमोर नाई कशी म्हणन? आत गेली, लय वेळ लावला, अन् एक कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीचं तोंड दाभणानं शिवलेलं!

"उघडू नका बरं, ईनबाई. वारं लागलं का कंद मरते."

एसटीत पिशवी मांडीवर घेऊन मी इचार करत बसली. शिवली कायले? माह्यावर भरवसा नाई म्हणून! टाके बी मोजले असतीन. मी बी मोजले. सतरा! म्हणजे एक टाका इकडचा तिकडे झाला, का ही बाई माह्या पोरीले जनमभर ऐकवन, 'तुह्या मायच्या घरी जिनस जपत नाई.' लग्नाले वरीस नाई झालं वैभवीच्या. पोरीले हा टोमणा ऐकू द्याचा नाई, मंग काई बी होवो!

घरी आली अन् हळदीच्या खोलीत रांजणात वाळू भरून पिशवी आत गाडली. नवऱ्याले सांगतलं नाई. त्यायच्या पोटात काई राहत नाई. पण शेजारच्या रुपाबाईनं कुंपणावरून इचारलंच, "काय ठेवून राह्यली वं वर्षाराणी एवढं जपून?"

हिले काय पडलं? फुलाचा शौक हिले बी हाये! त्या दिवसापासून मी खोलीत जमिनीवर चुलीची राख पसरली. कोणी पाय ठेवला का ठसा! रोज सकाळी आधी राख पाहाची, मंग चहा. उंदराच्या पायाचे ठसे पाहून बी मले वाटे, यायले रुपाबाईनंच पाठवलं.

आषाढी एकादशीले मी दोन दिवस माहेरी आसेगावले गेली. वापस येऊन खोलीचं दार उघडलं, तर राखेत हे एवढाले पाय! रांजणाजवळ जाऊन आलेले. वाळू उपसलेली, सतराच्या सतरा टाके उसवलेले, अन् पिशवी रिकामी!

माय वं!

पण मी बी काई कमी नाई. दोरा घेतला, ठसा मोजला, दोऱ्याले गाठ मारली अन् तडक रुपाबाईच्या अंगणात. ती तांदूळ निवडत बसली होती. मी खाली बसली अन् तिच्या पायाले दोरा लावला.

"हे काय करून राह्यली वं? मले चपला आणतं का?"

"पाय लांब कर!"

दोरा चार बोटं उरला. रुपाबाईले सारं समजलं अन् ती अशी भडकली का सूपच आपटलं! "मले चोर म्हणतं? आपल्या नवऱ्याले इचार! एकादशीले चुलीत काय भाजून राह्यला होता, सारा वास इकडे येत होता!"

घरी येऊन मी नवऱ्याच्या पायाले दोरा लावला. बरोब्बर गाठीवर!

"अवं, उपास होता," रामकिसनराव म्हणाले. "घरात तू नाई, साबुदाणा भेटेना. शोधता शोधता ते रताळे सापडले. राखेत भाजले. लय गोड होते!"

"रताळे नव्हते ते! ईनबाईच्या डेलियाचे कंद होते!"

"म्या जनम वावरात काढला. मले रताळं समजत नाई का?"

"डेलियाचे कंद दिसतेच रताळ्यासारखे!"

आता मले दुसराच घोर लागला. हे जहरी असतीन तर? ओढतच नेलं त्यायले डॉक्टरकडे. हे सारखे म्हणत, "साहेब, रताळे होते," अन् मी म्हणे, "साहेब, यायच्या डोक्यावर बी असर झाला!" डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं. म्हणे, "खाऊन किती दिवस झाले?" म्हणलं, "दोन." म्हणे, "मंग आता फूल आलं तरच या!"

हसा बापा, हसा! माह्या पोरीचा संसार पणाले लागला अन् लोकायले मजा.

अकोल्याच्या तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. तिसऱ्या ठिकाणी डेलियाचे कंद भेटले. भाव ऐकून घाम फुटला, पण घेतले. एकेक कंद सुटा केला, पुसला, त्याच पिशवीत भरला. तोंड शिवलं, मोजून सतरा टाके! घटस्थापनेच्या आदल्या दिवशी वाशिमले जाऊन पिशवी ईनबाईच्या हातात देल्ली. तिनं टाके पाहिले, मले पाहिलं, अन् गालातल्या गालात हसली. ते हसणं काई मले पटलं नाई. पण म्हणलं, सुटली!

तिसऱ्या माळेले वैभवीचा फोन. हळू आवाजात बोलून राह्यली होती.

"आई, तुह्याकडे ठेवलेले रताळे असे कसे झाले वं? सासूबाईनं मले उपासाले उकडाले सांगतले. कोणाच्याच तोंडात घालवले नाई. तुह्या जावयानं तर थुंकून देल्ले!"

"रताळे? त्यात तर डेलियाचे कंद होते ना वं?"

"डेलियाचे कंद सासूबाईच्या पलंगाखाली हायेत, वाळूच्या खोक्यात! तुले चारचौघीत नाई म्हणता आलं नाई, म्हणून त्यायनं रताळे शिवून देल्ले होते. मले आजच समजलं."

सोन्यासारखे कंद या लोकायनं उकडून थुंकून देल्ले! अन् इकडे शेजारीण बोलेना, नवऱ्याले मी खोटं पाडलं!

"अन् आई," वैभवीचा आवाज रडवेला झाला, "सासूबाई सकाळपासून एकच घोकून राह्यल्या. म्हणे, 'बरं झालं खरे कंद नाई देल्ले. तुह्या मायच्या घरी साधे रताळे जपत नाईत!' काय सांगू त्यायले?"

खरं सांगावं, तर माह्या नवऱ्यानं ईनबाईची ठेव भाजून खाल्ली, हे सांगा लागते.

म्हणलं, "सांग बाई, मायच्या हातून चुकलं."