आवरलेला माल

बँकेने ओव्हरड्राफ्टची मर्यादा निम्म्यावर आणली, ही बातमी भाऊंनी घरात अशा थाटात सांगितली, की जणू बँकेचंच काहीतरी हरवलं होतं आणि ते शोधून द्यायला आता भाऊंना वेळ काढावा लागणार होता.

"कुणी काळजी करायची नाही," ते म्हणाले. "उद्या जातो, मॅनेजर मॅडमच्या समोर बसतो आणि मर्यादा होती तिथं नेऊन ठेवतो. नुसता बोलण्याचा तर प्रश्न आहे."

बोलण्याचा प्रश्न असला की भाऊंची बायको देवापुढे दिवा लावी. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्यामुळे तिला हा माणूस जिवापाड आवडत असे आणि पूर्ण ठाऊकही असे.

भाऊ सोफे आणि खुर्च्या मढवून देत. खाली वर्कशॉप, वर घर. हातात कसब असं, की त्यांनी बसवलेल्या स्प्रिंगांवर बसलेला माणूस काय सांगायला आलो होतो तेच विसरे. फक्त धंद्याची एक गोम होती. गिऱ्हाईक पैसे देई काम झाल्यावर, आणि कापडवाला मागे कामाच्या आधी. मधला काळ भाऊ ओव्हरड्राफ्टवर काढत, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही बँक ठरलेल्या रकमेपर्यंत उचलू देई. आणि नेमकं आत्ताच त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं होतं. गावातल्या नाट्यगृहाच्या झाडून सगळ्या खुर्च्या मढवायच्या होत्या. कापडवाल्याला शनिवारपर्यंत आगाऊ रक्कम दिली तर काम भाऊंचं, नाहीतर पुढच्या चौकातल्या त्या दुसऱ्याचं. त्या दुसऱ्याचं नाव भाऊ घेत नसत. तो खुर्चीला फोमऐवजी चिंध्या भरतो, एवढंच म्हणत.

बँकेत मॅनेजर मॅडमनी भाऊंना बोलू दिलं. भाऊ नाट्यकलेबद्दल बोलले, मणक्याच्या आरोग्याबद्दल बोलले, फोमच्या घनतेबद्दल बोलले. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला ही मर्यादा तुमच्या वर्कशॉपमधल्या मालावर दिलेली आहे. दर तीन महिन्यांनी मालाचा तपशील कळवायचा असतो. तुम्ही वर्षभर काहीच कळवलं नाही."

"माल आहे हो, मॅडम. कळवायचं काय त्यात? पाय ठेवायला जागा नाही."

"असेल. पण आम्हाला तो दिसायला हवा. गुरुवारी आमचे साहेब तपासणीला येतील. माल दिसला तर मर्यादा पूर्ववत करता येईल. नाही दिसला, तर आहे तीही कमी करावी लागेल."

भाऊ हसले. वर्कशॉपमध्ये माल दिसणं ही काही काळजी करण्यासारखी गोष्टच नव्हती. तिथे दुसरं काही दिसतच नसे! दारातच फोमचे ढीग, त्यावर रेक्झिनचे गठ्ठे, कोपऱ्यात मखमलीचे तागे, छताला टांगलेले लाकडी सांगाडे, आणि या सगळ्यातून काम करण्याच्या टेबलापर्यंत जाणारी एक वाट, जी फक्त भाऊंना आणि त्यांच्या दोन कारागिरांनाच सापडत असे. भाऊ शीळ घालत घरी आले आणि जेवताना म्हणाले, "गुरुवारी बँकेचे साहेब येणार आहेत, माल बघायला. चांगलं दिसलं पाहिजे."

बस. एवढंच म्हणाले. पुढचं सगळं या एका वाक्यातून झालं, आणि ते बोलून भाऊंनी निवांत ताक पिऊन टाकलं.

बायकोने त्यातलं 'चांगलं दिसलं पाहिजे' तेवढं मनावर घेतलं. बाहेरचा माणूस येणार आणि दारात तो फोमचा डोंगर! तिला वर्षानुवर्षं त्या पसाऱ्याची लाज वाटत आली होती. पाहुण्यांना ती मागच्या जिन्याने वर नेत असे.

भाऊंच्या आईने 'बँकेचे साहेब' आणि 'माल बघायला' एवढंच मनावर घेतलं. बँकेचा माणूस माल बघायला येतो तो उचलून न्यायलाच, हे त्यांचं पक्कं मत होतं. असा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे मत बदलायचा प्रसंगही आला नव्हता.

गुरुवारी सकाळी भाऊ कापडवाल्याला चहा पाजून गोडीत ठेवायला बाहेर पडले. दाराआड ते दिसेनासे होतात न होतात तोच बायको केरसुणी घेऊन खाली उतरली.

"आई, मी म्हणते, हा सगळा पसारा वर नेऊन टाकू या का?"

"अगं, मी तेच म्हणणार होते," सासूबाई म्हणाल्या. "एक चिंधीसुद्धा खाली दिसता कामा नये."

सुनेला भरून आलं. सासूबाईंना स्वच्छतेची एवढी कळकळ आहे हे तिला माहीतच नव्हतं. सासूबाईंनाही सुनेचं कौतुक वाटलं. पोरगी दिसते साधी, पण वेळेला काय डोकं चालवते! या घरात त्या दोघींचं इतकं एकमत यापूर्वी एकदाही झालं नव्हतं. दोन्ही कारागिरांना त्यांनी हाताशी धरलं. कारागिरांना चार वेळा विचारावंसं वाटलं, पण दोन्ही मालकिणी एका बाजूला असताना तोंड उघडायला ते काही खुळे नव्हते.

फोमचे सगळे जाड तुकडे वरच्या खोलीत भाऊंच्या वडिलांच्या पलंगावर रचले गेले. वडील तेव्हा फिरायला गेले होते. परत येऊन त्यांनी पाहिलं, तर पलंग छताला पोचायला आला होता. त्यांनी स्टूल लावलं, वर चढले आणि आडवे झाले. रेक्झिन न्हाणीघरात गेलं. स्प्रिंगांची पोती स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेली. सांगाडे गच्चीत गेले आणि त्यांच्यावर चादरी वाळत पडल्या. मखमलीचे तागे मात्र कुठेच मावेनात, तेव्हा शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत, त्यांच्याकडे ते पाठवले. अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणे.

"बाई, कुणी विचारलं तर तुमचे आहेत म्हणून सांगा," भाऊंच्या आई त्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या. "नाहीतर घेऊन जातील हो. पोराच्या पोटावर पाय येईल."

बाई जन्मभर खरं बोलत आल्या होत्या आणि त्यापायी बऱ्याच लोकांना नकोशाही झाल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला. "भाऊंसाठी सांगेन," त्या म्हणाल्या.

इकडे भाऊंना कोपऱ्यावरच बँकेचे साहेब भेटले. किडकिडीत, सभ्य माणूस. हातात एक बॅग आणि मोजपट्टी. भाऊंनी त्यांना अर्धी गल्ली संपेपर्यंत ऐकवलं. "साहेब, जरा जपून चाला हं आत. मागे एक गिऱ्हाईक फोममध्ये अडकलं होतं. ओढून काढावं लागलं. इतका माल! मला स्वतःलाच कधीकधी भीती वाटते." आणि त्यांनी दार उघडलं.

आत फरशी चकाकत होती. टेबलावर फुलदाणी होती. भिंतीला टेकून एक खुर्ची उभी होती, आणि ती बँकेच्या साहेबांनी बसावं म्हणून वरच्या मजल्यावरून आणलेली होती. बाकी काही म्हणजे काहीच नव्हतं. भाऊंना आपण चुकीच्या दारात शिरलो असंच वाटलं. ते बाहेर गेले, पाटी वाचली आणि परत आत आले.

"माल," साहेब नम्रपणे म्हणाले, "कुठे आहे?"

"अगं," भाऊंनी जिन्याकडे बघून हाक मारली, आणि त्यांचा आवाज मध्येच चिरकला. "अगं, माल कुठंय?"

बायको हसतमुखाने खाली आली. "सगळं आवरलं. आता कसं मोकळं वाटतंय नाही?"

"कसला माल?" मागून आई म्हणाल्या. "आमच्याकडे काही नाही हो, साहेब. गरीब माणसं आम्ही. मुलगा उगाच मोठ्या गोष्टी करतो. लहानपणापासून तसाच आहे."

भाऊंच्या डोळ्यांसमोर नाट्यगृहाच्या खुर्च्या रांगेने उठून पुढच्या चौकाकडे चालू लागल्या.

"आई, अगं, माल दाखवला तरच पैसे मिळणार आहेत. ते न्यायला नाही, मोजायला आलेत."

आईंनी साहेबांकडे निरखून पाहिलं. "आधी मोजतात, मग नेतात," त्या म्हणाल्या.

आईंना पटवण्यात वेळ गेला. बायकोच्या मात्र तेवढ्यात सगळं लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं, पाहुणे येणार..." एवढंच ती म्हणाली. तिचा पडलेला चेहरा बघून भाऊंना बँक, कापडवाला, नाट्यगृह, कशाचंही काही वाटेनासं झालं. "तू कुठं चुकलीस?" ते म्हणाले. "मीच नीट बोललो नाही." बोलण्यात आपण कमी पडलो, हे भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं.

मग मोजणीची मिरवणूक निघाली. पुढे साहेब, मागे भाऊ, बायको, आई आणि दोन कारागीर. न्हाणीघरात साहेबांनी बादलीवर पाय देऊन रेक्झिन मोजलं. ओट्याखाली वाकून स्प्रिंगा मोजल्या. गच्चीत चादरी उचलून सांगाडे मोजले. वरच्या खोलीत फोमच्या माथ्यावरून वडिलांनी खाली पाहिलं.

"बाबा, उतरा. फोम मोजायचाय."

"मोजा की. मी काही हलत नाहीये."

"तुम्हाला सोडून मोजायचाय."

"गुडघे दुखायला लागल्यापासून पहिल्यांदा धड झोप लागली आहे," वडील म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. साहेबांनी मोजपट्टी लावली आणि त्यांच्यासकटच उंची घेतली. नंतर अंदाजाने त्यांना वजा केलं.

शेवटी बाईंकडे. मखमल तिथेच होती, आणि तिच्याशिवाय बेरीज पुरणार नव्हती. बाई ताग्यांच्या शेजारी ताठ बसल्या होत्या.

"हे कापड कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं."

"बाई, आता सांगा खरं," भाऊ घाईघाईने म्हणाले. "सांगितलं तरी चालतं."

"माझं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी भाऊंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एवढी पोपटी मखमल घेऊन तुम्ही काय करणार?" साहेबांनी विचारलं.

"पडदे."

साहेबांनी खोलीभर पाहिलं. खोलीला एकच खिडकी होती, आणि तीही कपाटाने निम्मी झाकलेली.

"बाई," भाऊ हात जोडून म्हणाले, "तुमच्या पाया पडतो. हे माझं आहे म्हणून सांगा."

"तुम्ही मध्ये बोलू नका, भाऊ," बाई म्हणाल्या. "मी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलते आहे. मला ते नीट पूर्ण करू द्या."

साहेबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळाने त्यांनी मोजपट्टी उघडली, मखमल मोजली आणि ती भाऊंच्या नावावर लिहून घेतली. बाई त्यावर नापसंतीने बघत राहिल्या.

साहेब गेले. त्या रात्री घरात कुणी फारसं बोललं नाही. भाऊ तर मुळीच नाही, आणि ते सगळ्यांना फार जड गेलं. बायकोने दोनदा त्यांना काहीतरी बोला म्हणून विनवलं. आईंनी त्यांच्या पानात आग्रह करून वाढलं आणि म्हणाल्या, "नेलं नाही ना काही? मग झालं तर." फोम अजून वरच होता, कारण वडीलही अजून वरच होते.

शुक्रवारी दुपारी मॅनेजर मॅडमचा फोन आला. भाऊंनी तो उभं राहून घेतला.

"भाऊ, मी आमच्या साहेबांची नोंद वाचली," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी लिहिलंय, माल भरपूर आहे, उत्तम स्थितीत आहे, आणि घरातली व शेजारची माणसं तो जिवापलीकडे सांभाळतात. इतकी वर्षं तपासणी करतायत, पण तारणाच्या मालावर कर्जदाराचे वडील स्वतः झोपलेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. तुमची मर्यादा आजपासून पूर्ववत."

भाऊंनी लागोपाठ तीनदा आभार मानले.

"एकच अट आहे," मॅडम पुढे म्हणाल्या. "यापुढे साहेब आधी कळवून येणार नाहीत. कधीही येतील. माल नेहमी असतो तसा, जिथल्या तिथे दिसला पाहिजे."

"दिसेल, मॅडम. अगदी तसाच दिसेल," भाऊ म्हणाले. त्यांनी फोन ठेवला, आणि तासाभरात कापडवाल्याच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवून ते परत आले. येताना मुद्दाम पुढच्या चौकावरून आले. संध्याकाळी दोन्ही कारागिरांच्या मदतीने त्यांनी फोम, रेक्झिन, स्प्रिंगा, सांगाडे, मखमल सगळं खाली आणलं आणि मनसोक्त पसरून ठेवलं. वडिलांना एक जाड तुकडा कायमचा देऊन टाकला. मग बायकोला बोलावून, छाती फुगवून म्हणाले, "बघ. मी म्हटलं नव्हतं, नुसता बोलण्याचा प्रश्न आहे? आता फक्त एवढंच, की साहेब यापुढे कधीही न सांगता येणार."

"कधीही?"

"कधीही. उद्यासुद्धा येतील."

बायकोचे डोळे विस्फारले. तिने त्या डोंगराकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी समजून मान हलवली.

"बाई गं," ती केरसुणी उचलत म्हणाली, "म्हणजे आता हे रोजच आवरायला हवं."