सकाळी उशी आणा

दवाखान्याच्या लॅपटॉपची बटणं एका पोपटाने उपटली. नखं कापून घेण्याचा सूड त्याने असा उगवला, की डॉक्टरीणबाई त्याच्या मालकिणीला औषध समजावून सांगेपर्यंत निम्मी मुळाक्षरं जमिनीवर आली होती. उरलेल्या अक्षरांत जनावरांचा दवाखाना चालवणं अवघड होतं.

नवं यंत्र घ्यायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. डॉक्टरीणबाईंचे यजमान नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होते. त्यांचं म्हणणं, पेनवालाच घ्यायचा. पाटीसारखा हातात धरायचा, पेनने पडद्यावर लिहायचं, की लिहिलेलं आपोआप छापील होतं.

"तू दिवसभर उभी असतेस. लॅपटॉप काय डोक्यावर घेऊन टाईप करणार आहेस?"

दवाखान्यात नावनोंदणीला बसणाऱ्या आक्का मात्र साध्या लॅपटॉपवर ठाम होत्या. "बाईंचं अक्षर मला इतक्या वर्षांत लागलं नाही. त्या मेल्या यंत्राला काय लागणार?"

डॉक्टरीणबाईंना दोन्हीचं कुतूहल. मुळात त्यांचा स्वभावच तसा. शेपूट हलवणारा कुत्रा आधी डावीकडे का हलवतो, यावर त्यांनी एकदा अख्खी दुपार घालवली होती. शेवटी दुकानदारानेच तोडगा काढला. "दोन्ही ठेवा मॅडम. वापरून बघा. नको असेल ते मी घेऊन जातो."

आधी लॅपटॉप वापरून झाला. त्याला दोन हात आणि एक टेबल लागायचं. मांजराला तपासायलाही दोन हात आणि तेच टेबल लागायचं. शेवटी टेबल मांजराला मिळालं आणि लॅपटॉप वजनकाट्यावर गेला. मग पेनवाला हातात घेतला, आणि बाई हरखल्याच. एका हाताने कुत्र्याचा जबडा धरायचा, दुसऱ्या हाताने दात मोजून लिहायचे! संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या नोंदी त्यावरच केल्या. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या जनावरांची ऑपरेशनं होती, त्या सगळ्यांना एकच निरोपही त्यावरूनच लिहून पाठवला. यजमान फोनवर म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

सकाळी बाई दवाखान्यात आल्या, तर बाहेरच्या बाकावर शिंपीणबाई आपला झिपरा कुत्रा घेऊन बसलेल्या. मांडीवर झालर लावलेली उशी. शेजारी नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यांच्या मांजराची पिंजरावजा पेटी आणि पेटीवर मोठी थोरली उशी. पलीकडे जहाजावरून निवृत्त झालेले कप्तान ताठ बसले होते. त्यांच्या पायाशी म्हातारा कुत्रा आणि काखेत वापरून चपटी झालेली उशी.

बाईंनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी खांदे उडवले.

"मी विचारलं," आक्का कुजबुजल्या. "सगळे म्हणतात, तुम्हीच सांगितलंय."

बाईंना राहवेना, पण एकदम विचारायचाही धीर होईना. त्या दाराआड उभ्या राहून ऐकू लागल्या.

"भूल उतरताना मान अवघडते म्हणे," शिंपीणबाई सांगत होत्या. "म्हणून उशी लागते. मी रात्रीच बसून नवी शिवली. म्हटलं, दवाखान्यात जुनी कशी न्यायची?"

"मला वाटतं, वासासाठी असेल," नवी नवरी म्हणाली. "घरचा वास आला की प्राणी घाबरत नाही."

"म्हणून माझी उशी आणली हिने," नवरा म्हणाला. "हिची चांगली आहे म्हणून ती घरी. मी आता डोकं कशावर ठेवू?"

"तुमच्यावरच झोपते ना ती? मग वास तुमचाच नको का?"

"कप्तानसाहेब, तुम्हाला काय वाटतं?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"हुकूम आला की कारण विचारायचं नसतं," कप्तान म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, "पण उशी परत मिळते ना?"

बाई बाहेर आल्या. "उशी आणायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

तिघांनी आपापले फोन पुढे केले. तिन्हींवर एकच निरोप होता: 'उद्या ऑपरेशन. सकाळी उशी आणा.'

बाईंनी लिहिलं होतं, 'सकाळी उपाशी आणा.' भूल द्यायची तर पोट रिकामं हवं.

"आणि... सकाळी काही खायला नाही ना घातलंत?"

"असं कसं?" शिंपीणबाईंना रागच आला. "ऑपरेशन म्हणजे ताकद नको? दोन वेळचं एकदम घातलं!"

जोडप्याने मांजराला मासे दिले होते. कप्तान म्हणाले, "अंडी. त्याला आवडतात. म्हटलं, न जाणो..." आणि ते कुत्र्याकडे न बघता भिंतीवरच्या जंतांच्या तक्त्याकडे बघू लागले.

सगळी ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारला. जोडपं उशी कोणाची यावर भांडत घरी गेलं. कप्तान मात्र उठेनात. कुत्र्याच्या पोटावर गाठ होती, आणि आजच्या दिवसासाठी त्यांनी मोठ्या मुश्किलीने मनाची तयारी केली होती. ती तयारी उद्यापर्यंत टिकेल याची त्यांना खात्री नव्हती. बाईंनी स्वतः चहा करून त्यांना दिला.

"चूक माझी नाही हो, कप्तान. या नव्या यंत्राने घात केला. उपाशीचं उशी केलं बघा."

"यंत्राचा काय भरवसा," कप्तान म्हणाले. त्यांनी चहा संपवला आणि कुत्र्याला घेऊन गेले. उशी काखेतच होती.

दुसऱ्या दिवशी सगळे उपाशी आले. ऑपरेशनं पार पडली. कप्तानांच्या कुत्र्याची गाठ चरबीची निघाली, साधी, निरुपद्रवी. बाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा कप्तानांनी कडक सलाम ठोकला. मग बाकावर बसून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

त्यानंतर काही दिवसांनी दुकानदार यंत्र न्यायला आला. जोडपंही मांजराचे टाके दाखवायला आलं होतं, आणि यजमान कचेरीतून परस्पर तिथेच टपकले होते. बाईंनी दुकानदाराला धारेवर धरलं.

"असं कसं यंत्र विकता? उद्या औषधाचं नाव चुकवलं तर?"

"मॅडम, ते असं अक्षर खात नाही हो कधी."

"खात नाही? थांबा, दाखवते." रागापेक्षा आता त्यांना कुतूहलच जास्त होतं. अक्षर नेमकं कुठे हरवतं, हे त्यांना बघायचंच होतं.

त्यांनी बसून लिहिलं, 'उपाशी आणा.' खाली छापील उमटलं, 'उपाशी आणा.' उभ्याने लिहिलं. बरोबर. डाव्या हाताने गिचमिड केली. तरी बरोबर. आक्कांनाच नवल वाटलं.

"त्या दिवशी काय वेगळं होतं?" बाई विचार करू लागल्या. "हं! तपासायला आणलेलं हे मांजर बगलेत होतं. आणि अहो, तुमचा फोन आला होता."

"भाजी काय आणू विचारायला," यजमान म्हणाले.

"मग करा फोन. आतल्या खोलीत जाऊन करा. अगदी तसंच झालं पाहिजे."

यजमान आत गेले. मांजर बगलेत आलं. फोन मान आणि खांद्यात अडकला. "भाजी काय आणू?" पलीकडून प्रश्न आला. "काहीही आणा, फक्त भोपळा नको," म्हणत बाईंनी झरझर लिहिलं. मांजराने पंजा मारला. छापील उमटलं: 'सकाळी उशी आणा.'

"बघा!" बाईंचा आवाज विजयाने चिरकला. "बघा! सगळ्यांसमोर खाल्लं!"

दुकानदार वाकून पडद्याकडे बघत राहिला. आक्का चष्मा चढवून आल्या आणि त्याही वाकल्या. यजमान आतून आले. छापील ओळीच्या वरच बाईंच्या हाताने लिहिलेली ओळ तशीच निळी होती.

"अगं," ते म्हणाले, "तू उशीच लिहिलंयस."

बाईंनी वाकून पाहिलं. 'उ' होता, 'शी' होता. मधल्या 'पा'चा मागमूस नव्हता.

मांजर खाली ठेवून बाईंनी ती ओळ पुन्हा पाहिली. दुकानदाराने घसा खाकरला.

"म्हणजे मॅडम, यंत्र बरोबर वाचतं. मग हाच ठेवू ना?"

"नको. साधा लॅपटॉप ठेवा."

"अगं, पण चूक त्याची नव्हतीच!" यजमान कळवळले.

"म्हणूनच नको," बाई म्हणाल्या. "लॅपटॉपवर चुकलं तर बोट घसरलं म्हणता येतं. यात माझंच अक्षर वर बसून साक्ष देतं."

दुकानदाराने मुकाट्याने पेनवाला उचलला आणि खोका उघडला.

"असाच ठेवू नका," बाईंनी त्याला थांबवलं. "कप्तान टाके दाखवायला यायची वेळ झालीय. आधी ती निळी ओळ पुसा."